सात जणांचं एकच उत्तर

९ जून

विभागप्रमुखांनी सांगितलंय की नवीन काम हाती घेतलंय तर रोजच्या रोज नोंद ठेवा. ती नोंद मी कार्यालयाच्या वहीत ठेवते: अमुक झालं, तमुक राहिलं. इथे बाकीचं लिहिणार आहे, जे त्यांना दाखवता येणार नाही.

काम असं. नोकरीत असलेल्या शिक्षकांना घरबसल्या पदव्युत्तर पदवी मिळावी म्हणून आमचं महाविद्यालय ऑनलाइन अभ्यासक्रम काढतंय. त्यातला ‘वर्गात प्रश्न विचारणे’ हा विषय मी तयार करायचा. मी म्हटलं, माझ्याच गळ्यात का? तर म्हणे, तुमच्याइतका तो कोणी शिकवलेला नाही. खरं आहे. पण मी शिकवला तो समोर बसलेल्या माणसांना. फोनवरून साधा फोटो पाठवायचा झाला तरी मी ह्यांना हाक मारते.

प्रमुख जाता जाता हेही म्हणाले की वर्षअखेरीला बाहेरून कोणीतरी मूल्यमापनाला येईल. हे आधी सांगितलं असतं तर मी आजारी पडले असते.

१७ जून

पहिलं रेकॉर्डिंग. जिन्याखालची खोली, भिंतींना फोम, पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. समोर कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे आमचे तंत्रज्ञ, ज्यांना सगळे वायरमामा म्हणतात. त्यांच्या खिशात कायम दोन वायरी लोंबत असतात.

मी नेहमीसारखा प्रश्न विचारला आणि थांबले. बराच वेळ गेल्यावर वायरमामांनी विचारलं, मॅडम, विसरलात का? मी म्हटलं, नाही, उत्तराची वाट बघतेय. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, वाट बघितलेली कापून टाकतो आणि तिथे ‘येथे थांबवा आणि विचार करा’ असं पडद्यावर लिहितो.

म्हणजे आता थांबायचं कामही माझं राहिलं नाही. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, बरंच झालं, तुला कुठे थांबता येतं. तिसरा पाठ ‘शिकणं एकट्यानं होत नाही’ या विषयावर आहे. तो मी त्या खोलीत एकटीच कॅमेऱ्याकडे बघत, घामाघूम होऊन बोलले.

२ जुलै

नावनोंदणीच्या यादीत बेबीचं नाव दिसलं. बेबी म्हणजे माझी धाकटी नणंद. पन्नाशीला आली, शाळेत मुलं तिला चळचळा कापतात, पण घरात ती अजून बेबीच. तिच्या शाळेतल्या सात जणांनी एकदम नावं दिलीयत. कारण सरळ आहे. शाळेचं वर्ष संपताना ही पदवी हातात नसेल त्याला वरच्या वर्गांवरून काढून राखीव शिक्षकांत टाकणार आहेत. आज या शाळेत रिकामा तास, उद्या त्या शाळेत. बेबीनं वरचे वर्ग इतकी वर्षं जिवापाड सांभाळलेत. तिचं तर धाबंच दणाणलंय.

संध्याकाळी ती आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, “वहिनी, एक ठरवून टाकू. पदवी मिळेपर्यंत या घरात अभ्यासक्रमाचं नाव काढायचं नाही. मला कोणी नणंदेला पास केलं म्हणायला नको आणि तुम्हालाही.”

मला इतकं हायसं वाटलं की मी तिला दोनदा चहा दिला. हे साक्षीदार.

२३ जुलै

अभ्यासक्रम सुरू होऊन दोन आठवडे झाले. संगणकावर एक तक्ता येतो. कोणी कुठला पाठ उघडला, किती वेळ पाहिला, कुठे सोडला. वर्गात मुलं जांभया देतात ते दिसतं तरी. इथे जांभईचासुद्धा आकडा येतो.

बहुतेक ठिकाणी ठीक आहे. पण बेबीच्या शाळेचं मला काही कळेना. सातांपैकी सहा जणांनी एकही पाठ उघडलेला नाही. बेबीसुद्धा त्यांत. माझी सख्खी नणंद माझा एक पाठ बघत नाही. सातवे भूगोलाचे मास्तर. त्यांनी सगळे उघडलेत, पण नऊ मिनिटांच्या पाठाला त्यांना तीन तास लागलेत. बहुतेक लावून झोपत असावेत.

बेबीला विचारावंसं फार वाटलं. पण ठरलंय ना.

२ ऑगस्ट

शनिवार. हे माळ्यावरचा जुना मोठा स्पीकर पुसत बसले होते. म्हटलं काय चाललंय, तर म्हणाले बेबीच्या शाळेत हवाय, आवाज पुरत नाही. कसला तरी कार्यक्रम असेल. माळा रिकामा होतोय याचाच मला आनंद. बेबी हल्ली शनिवारी घरी यायची बंद झाली, ते या कार्यक्रमाच्या तालमीमुळेच असणार.

१९ ऑगस्ट

बेबी ह्यांच्या वाढदिवसाला आली. जेवताना मी काहीतरी सांगत होते, तर तिनं मध्येच थांबवलं आणि हसत म्हणाली की वहिनी, तुम्ही अवघड प्रश्न विचारायच्या आधी चष्मा काढता, माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. ह्यांनी तिला डोळ्यांनी खुणावलं आणि तिनं विषय बदलला.

चष्मा मी घरी काढत नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी मधूनच काढते, दिव्याची चमक येते म्हणून. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. वायरमामांची आणि तिची ओळख नाही.

१२ सप्टेंबर

प्रमुख तक्ता बघून हवालदिल झालेत. म्हणाले, पाहणाऱ्यांचं प्रमाण असंच राहिलं तर मूल्यमापनात आपण तोंडावर आपटणार. पाठ लहान करा. नऊ मिनिटांचे सहा करा. मी विचारलं, काय काढू? ते म्हणाले, ते तुम्ही बघा, पण मजकूर कमी व्हायला नको. मी हो म्हणून बाहेर आले. नक्की कशाला हो म्हटलं ते अजून उमगलं नाही.

१० ऑक्टोबर

पहिल्या स्वाध्यायाची उत्तरं आली. प्रश्न मी आवडीनं काढला होता: एक मुलगा ‘सात आठे चौपन्न’ म्हणतो. समजावलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा चौपन्नच. तुम्ही काय कराल आणि का?

सकाळपासून तपासत होते. शेकडा नव्वद जणांनी पाढे दहादा लिहून घेऊ म्हटलंय. मग एक उत्तर आलं. त्या मुलाला लगेच चूक म्हणायचं नाही, चौपन्न कसे आले ते आधी विचारायचं. रोज एकच चूक करतोय म्हणजे त्याची काहीतरी पद्धत आहे, ती कळेपर्यंत छप्पन्नचं नाव काढायचं नाही. वाचून मी खुर्चीत मागे टेकले. इतकी वर्षं शिकवल्याचं सार्थक वगैरे म्हणतात, ते माझं झालं.

पुढचं उत्तरही तेच होतं. शब्दन् शब्द तेच. त्याच्या पुढचंही. सातही जणांचं, बेबीसकट.

मला वाईट वाटलं, राग आला आणि लाज वाटली, सगळं एकदमच. सहा जणांनी पाठ उघडलेला नाही आणि सातव्यानं झोपा काढल्यात. उत्तर कुठून तरी आणलं आणि वाटून घेतलं. सगळ्यात जास्त राग याचा की उत्तर इतकं चांगलं होतं.

११ ऑक्टोबर

काल बेबीच्या उत्तरावर किती वेळ बसले ते लिहीत नाही. डोळ्याआड करता आलं असतं. दुसरी कुठली शाळा असती तर कदाचित फोन करून झापलं असतं आणि सोडलं असतं. पण घरचं माणूस आहे, म्हणूनच सोडता येत नाही. उद्या कोणी म्हणालं की हिनं नणंदेला पाठीशी घातलं, तर मी काय तोंड दाखवू?

१३ ऑक्टोबर

प्रमुखांना सांगितलं. मला वाटलं ते कपाळाला हात लावतील. ते तर खूश झाले. म्हणाले, नक्कल पकडली हे उत्तम झालं, मूल्यमापनात आपली दक्षता दिसेल. सातही जणांचे निकाल रोखून ठेवा आणि अहवालात लिहा.

मी लिहिलं. सही वाकडी आली, म्हणून पुन्हा केली.

शिक्षकांनी चोरी केली की अभ्यासक्रम चांगला ठरतो, हे गणित मला सुटलेलं नाही.

१६ ऑक्टोबर

निकाल रोखल्याचं पत्र बेबीला मिळालं असणार. तिचा फोन नाही. ह्यांना आला. हे गॅलरीत जाऊन बोलले आणि आत आल्यावर पंखा लावून वर्तमानपत्र उघडलं. मी विचारलं, काय म्हणाली? हे म्हणाले, “मी यात पडणार नाही. तिनंच तसं बजावलंय.”

म्हणजे कबूलच झालं की. नाहीतर भावाला का गप्प बसवेल?

३ नोव्हेंबर

ह्यांचं माझं बोलणं भाजी, गॅसचं सिलिंडर आणि दाराची कडी एवढ्यावर आलंय. आज मी न राहवून म्हटलं, तुम्हाला वाटतं मी चुकले? हे म्हणाले, मला वाटून काय उपयोग. मग दिवा घालवताना म्हणाले, ती रडत नाहीये, हे मला बरं वाटत नाही.

मी नियमानं वागले. नियमानं वागल्यावर माणसाला शांत झोप लागायला हवी. मला लागत नाही आणि याचं कारण मी कोणाला विचारायचं तेही कळत नाही.

२४ नोव्हेंबर

मूल्यमापक बाई आल्या. माझ्याहून लहान, पांढरी पर्स, बोलणं मोजकं. दिवसभर जिन्याखालच्या खोलीपासून तक्त्यापर्यंत सगळं बघितलं. अहवालातल्या त्या सात नावांवर बोट ठेवून विचारलं की यांची तोंडी परीक्षा कधी झाली. मी म्हटलं, झाली नाही. त्या म्हणाल्या, निकाल रोखायच्या आधी एकेकाला बोलावून उत्तराबद्दल बोलतात, सगळीकडेच तशी रीत आहे. ती न करता मी हे पान पुढे पाठवू शकत नाही.

प्रमुख माझ्याकडे बघायला लागले, मी प्रमुखांकडे. परवा सातही जणांशी व्हिडिओवर बोलायचं ठरलंय. प्रश्न मी विचारायचे, मूल्यमापक बाई बाजूला बसणार.

नणंद आहे म्हणून मला यातून वगळा, असं मी म्हणून पाहिलं. बाई म्हणाल्या, लिहून घेते, पण निकाल तुम्ही रोखलात, तर विचारायचंही तुम्हीच.

२६ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहायचा प्रयत्न करते.

आधी भूगोलाचे मास्तर. पडद्यावर पूर्ण चेहरा मावत नाही एवढे मोठे आणि समोर मैदान असल्यासारखे बोलतात. मी विचारलं, त्या मुलाला छप्पन्न लगेच का सांगायचं नाही? ते म्हणाले, “मी तर सांगतो. चूक असेल तर चूक. उगाच मुलाला लोंबकळत का ठेवायचं?”

मी म्हटलं, पण तुम्ही उलटं लिहिलंय. ते म्हणाले, “लिहिलं ते ठरलं ते. मी पडलो ना मतदानात.”

मला वाटलं आवाज तुटतोय. मूल्यमापक बाई खुर्चीत पुढे सरकल्या आणि त्यांनीच विचारलं, कसलं मतदान? मग मास्तरांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना नवल वाटत होतं की हे आम्हाला माहीत नाही. शनिवारी शाळा सुटली की सातही जण शिक्षकांच्या खोलीत बसतात. नेट त्यांच्याच फोनवर नीट चालतं, म्हणून त्यांच्या नावानं पाठ लावतात. पडद्यावर ‘येथे थांबवा’ आलं की थांबवतात आणि भांडतात. एकदा एवढं भांडण झालं की शिपायानं येऊन दिवे घालवले. शेवटी हात वर करून मत घेतात, आणि जे जास्त मतांनी ठरेल ते सगळ्यांनी लिहायचं. मास्तर म्हणाले, मीटिंगमध्ये ठराव झाला की सगळे त्याच्याखाली सही करतात, तसंच हे. वेगवेगळं लिहायचं असतं हे कुठे म्हटलेलं नाही.

मी सूचना उघडून बघितल्या. खरंच कुठे म्हटलेलं नाही. सूचना मीच लिहिल्यात.

मग चित्रकलेच्या बाई, मग कवायतीचे मास्तर, मग बाकीचे. एकाचंही म्हणणं दुसऱ्यासारखं नव्हतं. कवायतीच्या मास्तरांनी सांगितलं की त्यांनी दोन्ही वेळा हात वर केला होता, कारण दोन्ही पटलं. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, मुलाला चौपन्न खडे मांडून दाखवायला सांगेन, मोजताना त्याला स्वतःलाच सापडेल. हे माझ्या पाठात नाही. मूल्यमापक बाई भराभर लिहीत होत्या. मला आनंद होतोय की भीती वाटतेय ते कळत नव्हतं.

शेवटी बेबी. शाळेत जाते ती इस्त्रीची साडी, मागे फळा. मला वहिनी म्हणाली नाही. मी विचारलं, उत्तर तुम्हाला पटलेलं आहे का? मीही तिला कधी नव्हे ते अहो-जाहो केलं.

ती म्हणाली, “पटलंय. मीच मांडलं होतं ते. रोज तीच चूक करणारा मुलगा दिसला की आधी विचारावं, बाळा, हे कसं काय आलं? तुमच्याच दुसऱ्या पाठात आहे.” मग म्हणाली, “सात जणांचं सारखं उत्तर आलं, तेव्हा तुम्ही काय विचारलंत, मॅडम?”

ती चिडलेली नव्हती. वर्गात विचारतात तसं विचारलं, आणि उत्तराची वाट बघत बसली. मीही बसले. जिन्यावरून कोणीतरी उतरत गेलं. या वेळी मधलं थांबणं कापून टाकायला वायरमामा नव्हते.

मूल्यमापक बाईंनी हळूच विचारलं, हे नोंदवायचं का? मी म्हटलं, नोंदवा. काही विचारलं नाही असं नोंदवा.

२७ नोव्हेंबर

ह्यांना म्हटलं, तुम्हाला सगळं माहीत होतं. हे म्हणाले, स्पीकर मीच जोडून दिला, माहीत कसं नसेल. पण मला वाटलं तुलाही कळलंय आणि तू नियमाला धरून बसलीयेस. मी म्हटलं, मला काहीच कळलं नव्हतं. हे माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांना हसू आवरेना. मलाही आलं, पण मला मध्येच रडू फुटलं.

९ डिसेंबर

तोंडी परीक्षेचे गुण धरून सातही जणांचे निकाल मोकळे झाले. शेवटची परीक्षा राहिलीय, पण वर्ग जाण्याची टांगती तलवार तूर्त तरी गेली. अभ्यासक्रमाला आणखी एका वर्षाची मंजुरी मिळाली. मूल्यमापक बाईंनी अहवालात लिहिलंय की तक्त्याप्रमाणे बेबीच्या शाळेत पाठ पाहणाऱ्यांचं प्रमाण असमाधानकारक आहे, आणि पुढच्याच परिच्छेदात लिहिलंय की त्याच शाळेत ते अपेक्षेपेक्षा फार जास्त आहे. एकच शाळा. दोन्ही वाक्यांखाली त्यांची एकच सही. जाताना मला म्हणाल्या, सात जण मिळून लिहितात त्याला नक्कल म्हणायचं की नाही, मलाही ठरवता आलं नाही.

प्रमुख विचारत होते की दोन्हीतलं कुठलं वाक्य जाहिरातीत घालायचं.

बेबी आलेली नाही. मी फोन केला. म्हटलं, मी चुकले, तुला विचारायला हवं होतं.  ती म्हणाली, शनिवारी शाळेत या, तिथे बोलू.

१३ डिसेंबर

गेले. शिक्षकांची खोली लांबट आहे, मध्ये टेबल, भिंतीला टेकून कपाटं, कपाटांवर नकाशांच्या गुंडाळ्या. मला वाटलं होतं बेबी बाजूला घेऊन बोलेल. तिनं सगळ्यांत मागची खुर्ची दाखवली आणि म्हणाली, बसा, सुरू होतंय.

भूगोलाच्या मास्तरांनी पाठ लावला. मी पडद्यावर आले, चष्मा काढला आणि विचारलं की वर्गात एकच मूल सारखा हात वर करत असेल, तर त्याला बोलू द्यावं की थांबवावं? मास्तरांनी मला तिथेच थांबवलं. माझं तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि त्याच्यासमोर सात माणसं तावातावानं बोलायला लागली. माझ्याकडे कोणी वळूनही बघितलं नाही. मला इतकं सांगायचं होतं आणि मध्ये घुसायला जागाच मिळेना.

पुढे मी काय बोललेय ते मला पाठ आहे. मी म्हटलंय, थांबवा, इतरांना संधी द्या. पण चित्रकलेच्या बाईंनी त्यांच्या वर्गातल्या एका मुलीचं सांगितलं. तिला घरी कोणी बोलूच देत नाही, म्हणून ती शाळेत सारखा हात वर करते. ऐकून मला आपलंच म्हणणं पटेनासं झालं.

मग मत घ्यायचं ठरलं. थांबवावं म्हणणारे आधी, बोलू द्यावं म्हणणारे नंतर. दुसऱ्या खेपेला माझा हात वर गेला, पण अर्ध्यातच राहिला. बेबी वळली. कितीतरी दिवसांनी तिनं मला वहिनी म्हटलं. “वहिनी, वर करा नाहीतर खाली घ्या. मध्ये धरू नका.”

मी वर केला. चित्रकलेच्या बाईंचा आणि माझा, दोनच हात होते. आम्ही पडलो. मास्तरांनी पाठ पुढे चालू केला आणि पडद्यावरच्या मी छातीठोकपणे सांगितलं की थांबवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. भूगोलाचे मास्तर तर म्हणाले, बघा, मॅडम आपल्याच बाजूच्या आहेत.

 बेबीनं माझ्यासमोर कोरा कागद सरकवला आणि म्हणाली, उत्तर लिहायचं ते सगळ्यांनी ठरवलेलंच लिहायचं. मी विचारलं, मला पटलेलं नसलं तरी? ती म्हणाली, तरी. पटलेलं नाही ते पुढच्या शनिवारी सांगा.

मी लिहायला घेतलं. नीट लिहिता येईना, तेव्हा शेजारी बेबीच्या कागदात बघितलं.